बोटांची जुनी वाट

बस गं, घाई नाही. आज शुक्रवार, तुझा दवाखाना बंद, मलाही कुठे जायचं नाही. पोहे भिजवलेत, चहा उकळतोय. खाली इमारतीचा राखणदार, आपला हारिस, गाड्या धुतोय, बाकी कुवेतचं हे सगळं जाब्रिया अजून झोपेत आहे. बोलायला हीच वेळ बरी.

काल रात्री तू आलीस, बॅग कोचावर टाकलीस आणि म्हणालीस, "ताई, मला कामच येईनासं झालंय." जेवलीही नाहीस. चार वर्षं एकाच काउंटरवर बसलेली मुलगी असं म्हणाली, ते मला झोपेतही आठवत राहिलं. म्हणून आज तुला समोर बसवून बोलायचं ठरवलं.

तू सांगितलंस ते मी नीट लक्षात ठेवलंय. शनिवारी रात्री कुणीतरी येऊन दवाखान्यातला प्रोग्रॅम बदलून गेलं. रविवारी, आठवड्याच्या पहिल्याच सकाळी, तू संगणक उघडलास तर सगळं अरबीत, उजवीकडून डावीकडे. इंग्रजी कुठून करायचं ते सापडेपर्यंत दहा मिनिटं गेली. आणि मग खरी अडचण पुढे आली. आधी तू पेशंटचा बताका, म्हणजे सिव्हिल आयडीचं कार्ड, हातात घ्यायचीस, त्यावरचे बारा आकडे मारायचीस, एंटर, की फाइल समोर. आता म्हणे आधी नाव टाका, मग जन्मतारीख, मग येणाऱ्या यादीतून माणूस निवडा. समोर खोकणारी लेकरं, चाकाच्या खुर्चीतले आजोबा, आतून डॉक्टर दार उघडून विचारताहेत पुढचा पेशंट कुठे, आणि तू 'मोहम्मद' इंग्रजीत कुणी कसं लिहिलं असेल ते शोधतेयस. त्यात तुमच्या सुपरवायझर म्हणाल्या, "दोन दिवसांत सवय होईल, नवीन पिढीची आहेस ना तू?"

ते वाक्य तुला लागलं. मलाही लागलं असतं.

आता माझं ऐक. तुला काम येईनासं झालेलं नाही. काम तुला येतंच. तुझ्या बोटांना जी वाट पाठ होती, ती कुणीतरी उखडून दुसरीकडून काढली. या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत झाली की माणूस स्वतःलाच दोष देत बसतो.

मी रत्नागिरीत १९९४ साली मराठी टायपिंगची चाळीसची परीक्षा दिली. चाळीस म्हणजे मिनिटाला चाळीस शब्द. एका खोलीत टाइपरायटरची रांग, समोर उतारा, आणि कळा दिसू नयेत म्हणून बाई वर पुठ्ठा धरायच्या. सहा महिने रोज एक तास. त्या कळफलकावर अर्धा श कुठे आहे, असं मला आज विचारलंस तर तोंडाने सांगता येणार नाही. पण हात ठेव म्हणालीस तर बोट बरोबर तिथे जाईल. ते ज्ञान डोक्यातून उतरून हातात गेलेलं असतं. तिथे एकदा पोचलं की डोकं मोकळं होतं, मजकूर वाचायला, चूक पकडायला, समोरच्याशी बोलायला. तुझंही तसंच होतं. बारा आकडे बोटं मारायची आणि तू तेवढ्यात त्या बाईला विचारायचीस, ताप कधीपासून आहे. प्रोग्रॅम बदलला आणि तुझं ते विचारणं गेलं. मला वाटतं, तुला रडू आलं ते त्यासाठी आलं.

मग संगणक आला. सरकारने देवनागरीसाठी इनस्क्रिप्ट नावाचा कळफलक प्रमाण मानला, १९९१ सालच्या भारतीय मानकात तो आहे. रचना म्हणून फार विचारी आहे तो. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, आणि हीच मांडणी भारतातल्या बाकी लिप्यांनाही चालते. नव्याने शिकणाऱ्याला मी आजही इनस्क्रिप्टच शिक म्हणेन. पण ज्यांनी आयुष्यभर टाइपरायटरवर, रेमिंग्टनच्या मांडणीवर टंकलेखन केलं होतं, त्या सरकारी कचेऱ्यांतल्या, कोर्टांतल्या माणसांच्या बोटांना हे पटवून काय उपयोग? त्यांचा वेग एका दिवसात पाचवर आला. तेव्हा काही शहाण्या लोकांनी एक गोष्ट केली, तिचं मला फार मोल वाटतं. त्यांनी आतली सगळी व्यवस्था नवी ठेवली, युनिकोडची, आणि वर रेमिंग्टनचा कळफलक निवडायची सोय दिली. म्हणजे मजकूर नव्या पद्धतीने साठतो, पण बोटं जुन्याच वाटेने चालतात. टाइपरायटर संपले, गोदरेजने २००९ साली ते बनवणंही थांबवलं, तरी ती बोटं कामाला राहिली.

हे तुझ्या सुपरवायझरना कळलेलं नाही. 'नवीन पिढी' या शब्दाने काही होत नाही गं. तू सत्तावीसची आहेस म्हणून तुझी चार वर्षांची सवय काही हलकी ठरत नाही. सवय ही तुझी कमाई आहे, पगाराच्या पावतीवर दिसत नाही एवढंच.

पण नुसतं वाईट वाटून रविवारी परत तिथे जाऊन बसायचं नाही. आपण तक्रार करायची. आणि तक्रार कशी करायची, हे मी फार उशिरा शिकले, म्हणून तुला आत्ताच सांगते. 'नवा प्रोग्रॅम वाईट आहे' असं म्हणालीस की समोरचा लगेच म्हणतो, 'बदल कुणालाच आवडत नाही.' तिथेच बोलणं संपतं. तू असं कर. एक सकाळ धर, आठ ते दहा. एका पेशंटची फाइल उघडायला आधी किती वेळा कळ दाबावी लागायची आणि आता किती, ते लिही. रांग किती लांबली ते लिही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे तू मला सहज बोलून गेलीस आणि पुढच्या विषयावर गेलीस, ते पहिल्या ओळीत लिही. सोमवारी मोहम्मद या एकाच नावाची दोन माणसं यादीत आली आणि तू दुसऱ्याची फाइल उघडणार होतीस.

अगं, हे केवढं मोठं आहे! सिव्हिल आयडीचा नंबर एका माणसाला एकच. त्यातला पहिला आकडा शतकाचा, पुढचे सहा जन्मतारखेचे, आधी साल, मग महिना, मग दिवस. दोघांचं नाव एक असेल, जन्मतारीखही एक असेल, पण बारा आकडे एक नसतात. नावाचं तसं नाही. अरबीतलं एकच नाव इंग्रजीत चार तऱ्हांनी लिहितात, आणि आपल्या केरळच्या, आंध्रच्या लोकांची आडनावं तर कागदोकागदी बदलतात. दवाखान्यात माणसाची ओळख चुकली तर काय होईल, ते मी तुला सांगायला नको. तुझ्या सोयीची तक्रार व्यवस्थापन बाजूला ठेवेल, पेशंटच्या ओळखीची नाही ठेवणार. आणि तुझी तक्रार खरोखर पेशंटच्या बाजूचीच आहे.

मग त्यांना विचार, नंबराचा रकाना पुन्हा पहिला ठेवता येईल का. पुष्कळदा ती सोय प्रोग्रॅममध्ये असतेच, बसवणाऱ्याने चालू केलेली नसते. भाषेचंही विचार, प्रत्येकीच्या नावाने प्रोग्रॅमने भाषा लक्षात ठेवावी म्हणून. तुमच्या त्या मल्याळी सिस्टर आणि फिलिपिनो मुलगी, दोघींच्या सह्या घे. एकटीने बोललीस तर ती एका मुलीची कुरकुर ठरते.

ऐकतात का, म्हणतेस? ऐकतात गं. नेहमी नाही, पण ऐकतात. २०१७ च्या फेब्रुवारीत व्हॉट्सॲपने स्टेटस बदललं. आपण तिथे एक ओळ लिहायचो, 'मीटिंगमध्ये आहे', 'गावी गेले आहे', कुणी देवाचं नाव. ती काढून त्यांनी चोवीस तासांनी पुसले जाणारे फोटो आणले. इतक्या लोकांनी नाराजी कळवली की पुढच्याच महिन्यात ती ओळ 'अबाउट' या नावाने परत आली. मायक्रोसॉफ्टने २०१२ च्या ऑक्टोबरात विंडोज ८ आणलं आणि कोपऱ्यातलं स्टार्टचं बटण काढून टाकलं. जगभरच्या कचेऱ्यांत माणसं संगणक बंद कुठून करायचा ते शोधत बसली. वर्षभराने ८.१ आलं, त्यात बटण परत, आणि २०१५ साली विंडोज १० मध्ये त्यामागची यादीही परत. एवढ्या मोठ्या कंपनीने पाऊल मागे घेतलं ते लोकांनी तोंड उघडलं म्हणून.

स्काइपची गोष्ट मात्र मला अजून हळवी करते. परदेशातल्या कितीतरी मराठी घरांत नातवंडांचं पहिलं हसू आजी-आजोबांनी स्काइपवर पाहिलंय. २०१७ साली त्यांनी त्याचं रूप पार बदललं, तरुण पोरांच्या ॲपसारखं केलं. पुण्या-नाशिकच्या म्हाताऱ्या माणसांना हवी होती ती दोनच बटणं, फोन लावायचं आणि चेहरा दाखवायचं. जुनं स्काइप, सातवी आवृत्ती, १ सप्टेंबर २०१८ ला बंद करू म्हणाले. लोकांनी एवढा विरोध केला की ती तारीख पुढे ढकलावी लागली. शेवटी ती आवृत्ती गेलीच, आणि ५ मे २०२५ ला सगळं स्काइपच बंद झालं. म्हणजे बोलून सगळं वाचतं असं मी तुला खोटं सांगणार नाही. पण त्या काही आठवड्यांत कितीतरी घरांना आईवडिलांना दुसरं काही शिकवायला वेळ मिळाला. तेवढंही मोठंच की.

बदलणारी माणसं सगळी दुष्ट असतात असंही मनात धरू नकोस. मी हवल्लीत एका ऑफिसात होते तेव्हा, २००७ साली, मायक्रोसॉफ्ट ऑफिसचं नवं रूप आलं. फाइल, एडिट, व्ह्यू अशा ओळखीच्या याद्या गेल्या आणि वर चित्रांचा रुंद पट्टा आला. अकाउंट्सची माणसं सगळीकडे हवालदिल झाली. पुढे मी त्यामागचं कारण वाचलं, तेव्हा राग थोडा निवळला. वर्डच्या पहिल्या आवृत्तीत शंभराच्या आसपास आज्ञा होत्या, २००३ पर्यंत त्या दीड हजारांच्या वर गेल्या. लोक मायक्रोसॉफ्टकडे ज्या नव्या सोयी मागत, त्यातल्या बऱ्याच आधीपासूनच आत होत्या, फक्त यादीच्या पोटात यादी अशा दडलेल्या. त्या पट्ट्याची आखणी ज्यांनी केली ते जेन्सन हॅरिस हे जाहीरपणे सांगत. अडचण खरी होती, उत्तरही प्रामाणिक होतं.

आणि त्यांनी एक चांगलं केलं होतं, ते मला आमच्या ऑफिसातल्या एका गोव्याच्या काकांनी दाखवलं. एक्सेलमध्ये सूत्र वगळून नुसते आकडे चिकटवायचे असले की जुने लोक ऑल्ट धरून ई, मग एस, मग व्ही दाबायचे. यादी तर गेली होती, पण ती कळांची वाट त्यांनी आत जशीच्या तशी ठेवली होती. काकांनी डोळे मिटून दाबून दाखवलं आणि आकडे चिकटले! त्या दिवसापासून कुठलाही नवा प्रोग्रॅम आला की मी आधी जुन्या कळा दाबून बघते. तूही बघ. रविवारी गेलीस की आधी तुझ्या जुन्या कळा दाब, काय चालतंय ते तपास. सेटिंगमध्ये 'क्लासिक' किंवा 'जुनं रूप' असा काही शब्द आहे का शोध.

मला राग येतो तो दुसऱ्या तऱ्हेच्या बदलांचा. जिथे तुझा अंगठा सवयीने जातो, नेमकं तिथे विकायच्या गोष्टीचं बटण आणून ठेवतात. काल एकदाच पैसे देऊन घेतलेली वस्तू आज दरमहा भाड्याने घ्यायला लावतात. तो बदल तुझ्यासाठी केलेलाच नसतो. तिथे तुला समजत नाही म्हणून तू अडलेली नसतेस, तुला अडवलेलं असतं. हा फरक ओळखायला शिक, म्हणजे उगाच स्वतःला कमी लेखणार नाहीस.

थोडे पोहे घे अजून. लिंबू पिळ.

आता एक गोष्ट तुला ओरडून सांगायची आहे. काल तू म्हणालीस, "आता मी फोनवरचं, लॅपटॉपवरचं एकही अपडेट करणार नाही." असं करू नकोस, बाय. रूप बदलणारं अपडेट वेगळं आणि कुलूप दुरुस्त करणारं वेगळं. १४ मार्च २०१७ ला मायक्रोसॉफ्टने विंडोजमधलं एक भगदाड बुजवणारं अपडेट दिलं. ज्यांनी ते बसवलं नाही त्यांच्याकडे १२ मे रोजी वॉनाक्राय घुसला, फाइली कुलपात टाकून खंडणी मागणारा. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या २३६ पैकी किमान ८१ ट्रस्टना त्याची झळ बसली, ऑपरेशनं पुढे ढकलावी लागली, रुग्णवाहिका दुसरीकडे वळवल्या. आणि दुरुस्ती दोन महिने आधीच आलेली होती. तू दवाखान्यात काम करतेस, आणि आपण राहतो ते जाब्रियाही तसंच, एकीकडे मुबारक अल-कबीर हॉस्पिटल, पलीकडे रक्तपेढी, वैद्यकीय कॉलेज. अशा ठिकाणी हे एकीचं दुखणं राहत नाही.

तर सुरक्षेचं अपडेट आलं की करून टाक. रूपाचं असेल तर थांब, दोनेक आठवडे जाऊ दे, कोण काय म्हणतंय बघ. तुझ्या लॅपटॉपवर अजून विंडोज १० आहे ना? त्याला मिळणारी सुरक्षा १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. घरगुती वापरासाठी नाव नोंदवलं तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदत ठेवलीय त्यांनी. ११ साठी टीपीएम २.० नावाची चिप लागते, ती तुझ्या मशीनमध्ये आहे का ते आपण दुपारी बघू. पण त्याआधी सगळे फोटो आणि कागद पेनड्राइव्हवर. माझ्यासमोर.

आणि अपडेट कधी करायचं, त्याचंही इथे भान हवं. आपलं सगळं इथलं असणं आता फोनमध्ये आहे. २०१९ च्या मार्चपासून पासपोर्टवर इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, चिकटवणं बंद झालं, तो बताक्याशी जोडला गेला. २०२१ साली सरकारी कामांचं सहेल ॲप आलं, सुरुवातीला नुसतं अरबीत, मी वाण्याच्या बकाल्यातल्या इजिप्शियन मुलाकडून वाचून घ्यायचे. १ जुलै २०२५ पासून खासगी नोकरीतल्या आपल्या लोकांना देश सोडायला मालकाची ऑनलाइन परवानगी लागते. म्हणजे गावी जायच्या आदल्या रात्री फोन 'नवं रूप बसवू का' विचारेल तेव्हा 'नंतर' म्हण. शांत दिवशी, घरी, वायफायवर, चार्जर लावून कर. मग प्रत्येक ॲप एकदा उघडून बघ, आत शिरता येतंय ना. विमानतळावरच्या रांगेत पासवर्ड आठवायची पाळी माझ्यावर आली होती. मागे दोन लेकरांची आई उभी होती आणि माझे हात थरथरत होते. तुझ्यावर ती वेळ यायला नको.

आता जे सांगते ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

माझी आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, रत्नागिरीत एकटी राहते. रोज संध्याकाळी तिकडच्या साडेसातला, म्हणजे आपल्या पाचला, तिचा फोन यायचा. मी तिला वाट शिकवली होती, वरच्या बाजूला बोट ने, तिसऱ्या शब्दावर दाब, माझा फोटो दिसेल. तिने ते पाठ केलं होतं, स्तोत्र पाठ करावं तसं. एके दिवशी फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही. मी लावला तर उचलला, पण मोजकंच बोलली, 'बरी आहे' म्हणाली आणि ठेवला. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "माझ्या हातून फोन बिघडला गं. वरचं सगळं नाहीसं झालं. तू आणून दिलेला महागाचा फोन."

काही बिघडलं नव्हतं. ज्या ॲपवर आम्ही बोलतो, ते रात्रीतून आपोआप नवं झालं होतं आणि वरच्या पट्टीतलं सगळं खाली गेलं होतं. भाच्याला विचारायचं तर तो म्हणायचा, "आजी, किती वेळा सांगायचं!" म्हणून तिने त्यालाही सांगितलं नाही. तीन दिवस ती स्वतःला गुन्हेगार समजत बसली.

आणि मी काय केलं? मी म्हणाले, "आई, खाली बघ ना! खाली! तिथेच तर आहे!" माझ्या आवाजातली ती धार मला अजून ऐकू येते. तुझ्या सुपरवायझर तुला जे म्हणाल्या ना, तेच मी माझ्या आईला म्हटलं होतं. शब्द निराळे होते, एवढंच. ती गप्प झाली. मग म्हणाली, "हो गं, आहे खरं खाली. माझंच लक्ष नव्हतं."

तिचंच लक्ष नव्हतं! चाळीस वर्षं जिने घराचा हिशेब एका पैशाची चूक न करता लिहिला, ती म्हणाली माझंच लक्ष नव्हतं.

पुढच्या रजेत गेले तेव्हा मी तिच्याशेजारी तीन दिवस बसले. तिच्या फोनवर पहिल्याच पानावर आम्हा तिघा भावंडांचे फोटो मोठे करून ठेवले, नुसतं चेहऱ्यावर बोट ठेवलं की झालं. प्ले स्टोअरमध्ये जाऊन ॲप आपोआप नवी होणं बंद केलं. आणि भाच्याला मांडी घालून समोर बसवला. म्हटलं, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तू येशील, आजीच्या शेजारी बसून अपडेट करशील, काय हललं ते तिला दाखवशील आणि तिच्या हाताने दोनदा करून घेशील. तिच्या हाताने, तुझ्या नाही. पोरगा चांगला आहे, तेव्हापासून करतो. आईने त्याची वही केलीय. मोठ्या अक्षरात लिहिते, तारीख घालते, 'आज फोनचे चित्र डावीकडून उजवीकडे गेले'. जुनी ओळ खोडत नाही, तिच्यावर एक रेघ मारते.

तुझ्या आईचंही बघ. ती मिरजेत, तू इथे. तिचा फोन आला नाही तर रुसलीय असं धरू नकोस. आधी विचार, फोनवर काही हललंय का.

आणखी एकच. तू त्या नोटांच्या ॲपमध्ये कविता लिहितेस, मला माहीत आहे, दाखवत नाहीस ते सोड, पण त्या जपायच्या कशा त्यासाठी हे ऐक. बाबांनी १९९९ साली आमच्या वाडीतल्या विहिरींची माहिती लिहून काढली होती. कुठली विहीर कुणी खोदली, पाणी कुठल्या महिन्यापर्यंत, पायऱ्या किती, कुठल्या विहिरीवर कुणाला पाणी भरू देत नसत आणि ते कधी थांबलं. सत्तर पानं. बाबा गेल्यावर मी त्या मजकुराची सीडी इथे आणली, उघडली तर पानभर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा. त्या काळी श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव, आकृती असे कितीतरी फॉन्ट होते आणि प्रत्येकाची अक्षरांची जागा वेगळी. संगणकाला वाटे आपण इंग्रजीच लिहितोय, वर कपडे तेवढे मराठी. फॉन्ट गेला की कपडे गेले. कितीतरी डीटीपीवाले पेजमेकर सोडेनात, त्याची शेवटची आवृत्ती २००१ सालची, तरी सोडेनात, ते याच भीतीने. जुनी पुस्तकं उघडणार कशात?

रत्नागिरीच्या एका डीटीपीवाल्याने नुसता तो कचरा बघून फॉन्ट ओळखला आणि युनिकोडमध्ये बदलून दिला. रफार सगळे एक घर सरकले होते, 'ऱ्या' तर प्रत्येक ठिकाणी फुटला होता. मी इथे याच टेबलावर दोन महिने रात्री बसून एकेक ओळ नीट केली. युनिकोड आलं तेव्हाही लोकांना फार त्रास झाला होता, मलाही. पण तो त्रास सोसण्यासारखा होता, कारण आता बाबांचा मजकूर कुठल्याही मशीनवर उघडतो. 'ॲप' लिहिताना लागतो ना, तो ॲ सुद्धा युनिकोडमध्ये २००८ साली आला, तोवर आपण जोडून भागवत होतो. असे बदल मी हात जोडून घेते.

तुझ्या कविता त्या ॲपमधून बाहेर काढ. साध्या मजकुराची एक फाइल कर, एक प्रत पेनड्राइव्हवर, एक स्वतःला मेल कर, आणि एक छापून ट्रंकेत ठेव. उद्या त्या ॲपवाल्यांनी दुकान बंद केलं तरी तुझं तुझ्याकडे राहील.

साडेनऊ वाजले की! म्हणजे तिकडे बारा. आईचं जेवण व्हायचंय, आत्ता लावला तर निवांत बोलेल. मी तिला फोन लावते, तोवर तू तो ड्रॉवरमधला कागद आणि पेन घे. वर तारीख घाल. पहिली ओळ त्या दोन मोहम्मदांची.